आधी मैदान, मग दुकानं

प्रिय बाळ्या,

तुझे फोटो मिळाले. लेगोची कोपऱ्यावरची तीन मजली इमारत जबरा झाली लेका, खिडक्यांच्या चौकटी तर मी झूम करकरून पाहिल्या, अन् तो बाल्कनीचा कठडा तू कशाचा केला ते मले अजून समजलं नाही. पण तूच म्हटलं खरं सांग, तर खरं सांगतो, ही इमारत आपल्या गावाच्या मॉडेलमध्ये ठेवायची कुठं? शेजारी काय येईल तिच्या, कृषी केंद्र?

मी भांडून नाही राहिलो. पण याच्यावर आत्ताच बोललो नाही तर दिवाळीले आपण चौघं, तू, मी, वर्ध्याचे गुरुजी अन् अकोल्याची डॉक्टरीण, चार तऱ्हेचे तुकडे घेऊन बसू अन् कशाले काही लागणार नाही. तू जे करून राहिला ते कंपनीच्या पद्धतीनं एकदम बरोबर आहे. लेगोवाल्यांनी १९५५ मध्ये टाउन प्लॅन काढला तेव्हापासून त्यांचं शहर म्हणजे रस्ता, रस्त्यावर मोटारी अन् कडेनं घरं. २००७ मध्ये कॅफे कॉर्नर नावाचा इमारतीचा सेट आला, मग तर ठरूनच गेलं, ३२ स्टडच्या (स्टड म्हणजे ब्रिकच्या, लेगोच्या ठोकळ्याच्या, पाठीवरचा गोल उंचवटा) प्लेटीवर एक इमारत, बाजूले पिना, भिंतीले भिंत लावत जायचं. कंपनी डेन्मार्कची, अन् डेन्मार्कच्या माणसाचं गाव तसंच असते, त्याच्यात त्याचं काही चुकलं नाही.

आपल्या गावात मात्र एस्टीतून उतरलं की बिल्डिंग दिसतच नाही, मोकळी जागा दिसते. सहा दिवस तिथं कुत्रे लोळतात, कोणाचं थ्रेशर उभं असते, पोट्टे क्रिकेट खेळतात, अन् बाजाराच्या दिवशी सकाळी तीच जागा अशी भरते की गाडी हातात धरून ढकलत न्या लागते. पालं, मिरचीचे ढीग, चिवड्याची परात, बांगड्यावाल्या, कोंबड्याचे खुराडे, तो दात काढणारा, अन् रात्री पुन्हा काहीच नाही, फक्त कोबीचे पाले. मले हे पाहिजे. म्हणून मी म्हणतो आधी मैदान ठरवू, दुकानं सगळी सुटी, उचलता येतील अशी. एकाच मॉडेलचे दोन फोटो निघतील, बाजाराचा अन् बिनबाजाराचा.

आता अडचण काय, तर ब्रिकचं जग सगळं चौकटीतलं. स्टडपासून स्टड ८ मिलिमीटर, संपला विषय. अन् आपल्या बाजारात एक पाल दुसऱ्याच्या रेषेत लागलेलं कोणी दाखवावं, मी पान खाऊ घालतो. याच्यावर माझे लय दिवस गेले, पण आता जमलं आहे. मैदानाले वरून गुळगुळीत टाइल लावायच्या, मधामधात जंपर प्लेट ठेवायची, जिच्या पाठीवर मधोमध एकच स्टड असते. पालाच्या बुडाले तो एकच स्टड पकडू द्यायचा. मग पाल हव्या त्या कोनात फिरते, तिरपं, आडवं, शेजारच्याच्या हद्दीत घुसलेलं, एकदम अस्सल. बोटानं फिरवलं की थोडं घट्ट लागते अन् जिथं सोडलं तिथं थांबते. वर्ध्याच्या गुरुजीनं व्हिडिओ पाहिला तर म्हणते आता याच्यात अतिक्रमणवाला साहेब पण उभा करा.

मापाचं एक सांगतो, हे तुले आवडेल. लेगोच्या रुळाची रुंदी साधारण ३८ मिलिमीटर. विलायतेतला रूळ १४३५ चा, त्या हिशोबानं स्केल निघते १ ला ३८, अन् ४ सेंटिमीटरचा लेगोचा माणूस मग पाच फुटाचाच भरते. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, तो लावला तर स्केल १ ला ४४ अन् माणूस पावणेसहा फुटाचा! म्हणजे त्यांचा रूळ त्यांच्यापेक्षा आपल्यालेच जास्त फिट बसते. तेच ४४ धरून ३२ स्टडची प्लेट, म्हणजे २५.६ सेंटिमीटर, खरी सव्वाअकरा मीटरची झाली, ३७ फूट. गावातला एक प्लॉट झाला की नाही? चार प्लेटीत मैदान निघते, माझ्या डोक्यात तेवढंच आहे, त्याच्यापेक्षा मोठं केलं तर माझ्या दिवाणावर मावणार नाही अन् घरची ओरडते ते वेगळं.

अन् शकुंतला, आपली छोट्या रुळावरची गाडी! ती तर पाहिजेच, तिच्याबिगर दारव्हा तालुका दाखवायचा कसा. मुर्तिजापूर-यवतमाळची लाइन ७६२ मिलिमीटरची, ४४ नं भागलं तर १७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टडच्या आसपास. त्यामुळे तयार रूळ चालणार नाही, साध्या प्लेटीवर स्लीपर मांडून आपणच रूळ करू, इंजिन काही चालवायचं नाही, उभंच ठेवायचं. तशीही ती आता बंदच पडलेली आहे. मी म्हणतो डिझेल नको, मँचेस्टरचं १९२१ चं वाफेचं इंजिन करू, जे १९९४ पर्यंत ओढत होतं. बॉयलर गोल करायले ब्रिक आडवे लावावे लागतील, अन् तिथं तो हिशोब लक्षात ठेवजो, पाच पातळ प्लेटीची (खालची मोठी नाही, ३.२ मिलिमीटर जाडीची) जाडी म्हणजे दोन स्टडची रुंदी. ५ गुणिले ३.२ बरोबर १६, २ गुणिले ८ बरोबर १६. हे एकदा हातात बसलं की आडवं-उभं सगळं एकमेकात बसते.

सगळ्यात जास्त वाद कापसावर चालू आहे. जिनिंगच्या अंगणातला कापसाचा ढीग मी केला, आत उताराचे ब्रिक अन् वरून पांढऱ्या गोल १ बाय १ प्लेटा नुसत्या ओतल्या. दिसते भारी, बाजूले ट्रॅक्टरची ट्रॉली अन् ढिगावर एक माणूस उभा. तर अकोल्याची डॉक्टरीण म्हणते ही चीटिंग आहे, प्रत्येक पीस कशाले तरी पकडलेला पाहिजे, ओतायचं तर मग सरळ खरा कापूसच टाका ना. मी म्हटलं ताई, कापसाले कधी कोणी एकाले एक जोडून ठेवलं काय? तिनं मग स्वतः करून पाठवला, एकेक पीस दाबून. अन् खरं सांगू, तिचा ढीग मले ज्वारीच्या लाह्यासारखा दिसला. पण हे तिले सांगू नको बावा, ती कवेलूचं छत फार सुंदर करते, चीज स्लोप, म्हणजे उताराचे बारके पीस, एकाआड एक, मधात डार्क रेड मधात ब्राऊन, दोन-चार जागी फुटलेलं पण दाखवते अन् तिथं निळी ताडपत्री. ते काम आपल्या कोणाच्यानं होणार नाही.

माणसाचं मात्र अवघड आहे. लुगडं ठीक आहे, पायाच्या जागी तो उताराचा ब्रिक लावला की भागते. पांढऱ्या टोपीसाठी गुरुजीनं डोक्याच्या स्टडवर पांढरा चीज स्लोप बसवला, दुरून पाहिलं तर चालते. बैल नाही जमत. कंपनीची गाय आहे पण तिले वशिंडच नाही, पोळ्याले कोण उभी करीन तिले? बैल आपणच रचू, शिंगाचं तू पाहा.

आता तू विचारलं की पुढचा मोठा सेट घेऊ की सुटे पीस. सुटे घे! २०२० च्या बजेटात खेळण्यावरची कस्टम ड्युटी २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०, एका सेटच्या पैशात इकडे खताचे पोते येतात, अन् त्या डब्यातल्या अर्ध्या पीसाचं आपल्या गावात काहीच काम नाही. पुण्यात लोक जुना माल विकतात ना, पोरं मोठी झाली की गोण्याच्या गोण्या, तसा पाहा. जुना असला तरी बिनधास्त घे, १९५८ चा ब्रिक आजच्यावर बसते. डुप्लिकेट माल मात्र पाहून घेजो, काही चांगला निघते, पण काही इतका ढिल्ला की पंखा लावला तरी भिंत हलते, अन् काही एवढा घट्ट की नखं जातात. मैदानाखाली, जिथं दिसत नाही तिथं डुप्लिकेट टाकायले माझी ना नाही. डॉक्टरीणची आहे. तिले दाखवायचं नाही.

धुताना एक लक्षात ठेव, कंपनी सांगते ४० डिग्रीच्या वर पाणी नको. तुमच्या पुण्यात ठीक आहे. इकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हातात धरवत नाही, मी रात्री दहानंतर धुतो, बायको म्हणते शेजारचे काय म्हणतील. त्यात फवारणीचे अन् वेचणीचे दिवस आले की सगळं तसंच पडून राहते, वरून धुळीचा थर बसते, मग रंगाच्या ब्रशनं झाडत बसा.

तर वाटणी अशी ठरवून राहिलो. मैदान अन् पालं माझ्याकडे. कवेलूची घरं अन् मारुतीचं देऊळ डॉक्टरीणकडे. गुरुजी शाळा म्हणतात, करू द्या, पण शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायले स्टिकर वापरणार आहेत, त्याच्यावर पुन्हा वाद होईल. तू इंजिन, एक डबा, पानठेला अन् जिनिंगचं शेड घे, शेड टिनाचं, मोठं, तुझा हात मोठ्या कामाले चांगला आहे. प्रत्येकाच्या प्लेटीचा काठ एका पातळ प्लेटीच्या उंचीनं वर घ्यायचा अन् वरून डार्क टॅन, म्हणजे मातकट रंगाची टाइल, म्हणजे सगळ्याची जमीन एका लेव्हलले येईल. पिना नको, नुसतं बाजूबाजूले ठेवायचं. अन् तुझी ती तीन मजली घेऊनच ये, तळमजल्याले शटर लाव, वर "भाड्याने देणे आहे" लिहू, अशा बिल्डिंगी आता तालुक्याले झाल्याच आहेत.

डार्क टॅन टाइल इकडे मिळत नाही, २ बाय २ च्या जेवढ्या सापडतील तेवढ्या घेऊन ठेव, पैसे मी लगेच टाकतो. कोणत्या गाडीनं येतं ते कळवजो, यवतमाळपर्यंत घ्यायले येतो. इंजिन मांडीवर घेऊन बसजो, खाली डिक्कीत टाकू नको.

तुझा,
गज्या