आई-बाबांना, दिल्लीहून

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझ्याच्याने पुढचं बोलवत नाही, म्हणून लिहितेय. नाशिकच्या कॉलेजची नोकरी मी घेतली नाही. दिल्लीच्या लॅबमध्येच आणखी तीन वर्षं राहायचं ठरवलंय, होकारही कळवून झालाय. बाबा, आईला वाचून दाखवताना इथे थांबू नका, पुढचंही वाचा.

कॉलेज चांगलं होतं, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. संध्याकाळी आईच्या हातचं गरम जेवण मिळालं असतं. हे मला कळत नाही असं नाही. पण सिकलसेलचं, रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं काम आत्ता अशा टप्प्यावर आलंय की सोडून यायला मन धजत नाही. २०२३च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्परवरच्या, म्हणजे जनुकात नेमकी काटछाट करणाऱ्या तंत्रावरच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली, दोन्हीकडे सिकलसेलसाठी. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर! सुरगाण्या-पेठच्या पोरांना त्याचा काय उपयोग? ते आपल्याकडेच व्हायला हवं, स्वस्तात आणि बिनचूक.

अडतं ते या बिनचूकपणावर. क्रिस्परमध्ये डीएनए कापणाऱ्या कॅस-९ प्रथिनाला वाट दाखवायला आरएनए देतात, त्यातली वीस अक्षरं जागा ओळखतात. आपल्या जनुकसंचात अक्षरं तीनशे कोटींच्या वर. त्यात दोन-तीन अक्षरांचाच फरक असलेल्या जागा निघतात आणि नेहमीचं कॅस-९ तिथेही कापू शकतं. आडनाव तेवढं बघून पोस्टमनने भलत्याच देशपांड्यांकडे पत्र टाकावं, तसं. तो काप कॅन्सर रोखणाऱ्या जनुकात बसला तर? इथल्याच आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेने फ्रान्सिसेला जिवाणूच्या कॅस-९वर काम केलंय. ते असं सहसा फसत नाही. मी बदललेल्या रक्तपेशींचा डीएनए वाचून भलतीकडे काप गेलाय का ते शोधते. स्क्रीनवर ओळीखाली ओळ लावायची, एकेक अक्षर ताडून बघायचं. नको त्या जागी सगळं जसंच्या तसं दिसलं की काशीनाथ आठवतो. थंडी पडली की त्याचे गुडघे धरायचे आणि आई रात्रभर शेकत बसायची. तुम्हाला मी काय सांगणार.

माझी काळजी नको. खोलीत ऊन येतं, गिझर आहे, गोडा मसाला अजून पुरतोय. मेसची डाळ नको वाटते तेव्हा वरण-भात मीच लावते. आजीची गोधडी डोक्यावरून घेते, तुमच्या दोघांच्या मधे झोपायचे तशीच.

आता ऐका. आई, पापड वाळवायला गच्चीचे जिने चढायचे नाहीत. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. आणि सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाच्या गर्दीत दोघांनीही शिरायचं नाही. गोदामाई आपल्याला वर्षभर आहे. रागावत नाहीये हं. इतक्या लांबून जीव टांगणीला लागतो, म्हणून बोलते.

बाबा, मी कायमची येईन म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवलंत ना? याच आठवड्यात तारीख घ्या. मी आदल्या दिवशी पोचते, रजेचं बोलून ठेवलंय. थेंब मीच घालेन. दादाला तुम्ही काही सांगू नका, त्याच्याशी मी बोलते.

तुमची,
छकुली