नव्या वर्षाचा पहिला रोल

वाई,
११ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

पाकीट फुगीर दिसतंय म्हणून लग्नपत्रिका समजून फ्रिजवर टाकून दिलं नाहीस ना? आत एक फोटो आहे. तू तो आधीच बघितला असणार, तुझा धीर मला ठाऊक आहे. पण त्याच्या मागे लिहिलेला आकडा कशाचा, ते कळायला पत्र वाचावंच लागेल. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हं, हं' म्हणत दुसरंच काहीतरी वाचत असतोस, आणि ते मला ऐकू येतं.

तर झालं असं, की माझी मोठी लेन्स गेली. तीच, दूरचं जवळ ओढणारी, १५०-६०० मिलिमीटर. घेतली तेव्हा तू म्हणाला होतास की एवढ्यात चांगली सेकंड हँड मोटारसायकल आली असती. गेल्या फेब्रुवारीत भिगवणहून आलो, बॅग कपाटावर टाकली, ती काढली थेट डिसेंबरात. मधे वाईचा अख्खा पावसाळा होऊन गेला. चामड्याचा पट्टासुद्धा आठवडाभर टांगून ठेवला तर हिरवा होतो इथे, आणि मी काच ठेवली होती. टॉर्चसमोर धरून बघितलं तर आतल्या भिंगावर कडेकडेनं पांढरे बारीक तंतू, कोळ्यानं जाळं विणायला घेऊन मधेच सोडून दिल्यासारखे. बुरशी! पुण्यातल्या दुरुस्तीवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हिला पाऊस मानवलेला दिसतोय." उघडून साफ करावी लागेल, कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहील, महिना तरी लागेल. दोष कुणाला देणार? घरी हिनं एवढंच विचारलं, "माझे पापड हवाबंद डब्यात असतात, आणि तुमची लाखाची वस्तू कपाटावर?" आता कॅमेरा पापडांच्याच डब्यात असतो. सिलिका जेलच्या पुरचुंड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक त्याच्या सोबतीला. काटा चाळीस ते पन्नासच्या मधे राहायला हवा. पापड सध्या विस्थापित आहेत.

आता खरी गोष्ट सांगतो, ती हिलाही सांगितलेली नाही. दुरुस्तीवाल्यानं 'महिना' म्हटल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मी जिना उतरलो तो हलका होऊन.

कारण भिगवण. तुला तेव्हा फोटो पाठवले होते, तू अंगठा दाखवलास, विषय संपला. अंगठ्यापलीकडे त्यात काही नव्हतंच. पहाटे कुंभारगावात पोहोचलो, नाव ठरवली, उजनी धरणाच्या पाण्यावर अजून वाफ होती. थोडं आत गेल्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले, शे-दीडशे तरी असतील, गुडघाभर पाण्यात माना घालून चिखल चाळत होते. आणि त्यांच्यासमोर अर्धवर्तुळात आम्ही नऊ नावा. प्रत्येक नावेत माझ्यासारखेच तीन-चार जण, माझ्यासारख्याच तोफा घेऊन. पलीकडच्या नावेतले लोक कुरव पक्ष्यांना शेव टाकत होते, म्हणजे पक्षी जवळून उडतील आणि फोटो बरा येईल. कुणीतरी टाळी वाजवली, थवा उठला, आणि सगळ्या नावांतून एकदम शटरचा कडकडाट. मीही बटण दाबून धरलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या सकाळी २,३०० फोटो काढले. घरी येऊन संगणकावर बघताना शंभराव्या फोटोनंतर मी पक्षी बघतच नव्हतो, नुसता नकोसे फोटो उडवत होतो. मग सहज इतरांचे त्याच सकाळचे फोटो बघितले. माझा कुठला आणि त्यांचा कुठला, मलाच सांगता येईना.

त्यानंतर दहा महिने मी कॅमेरा उचलला नाही. तू विचारलंस की मी 'वेळ नाही' म्हणायचो. वेळ होता रे.

३१ डिसेंबरच्या रात्री डब्यात बघितलं तर उरलेलं काय? बॉडी आणि ती जुनी ५० मिलिमीटर, जी मी कधीची विकायची म्हणत होतो. आणि मला आपली याशिका आठवली. दोघांत मिळून घेतलेली, एक आठवडा तुझ्या खोलीवर, एक माझ्या. तिलाही पन्नासचीच लेन्स होती, दुसरी घ्यायला पैसे कुणाकडे होते! आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा तो कृष्णधवल 'इंदू' रोल. फ्रेमा छत्तीस. एका फ्रेमेवरून आपण नदीच्या घाटावर अर्धा तास भांडलो होतो, आठवतं? तू म्हणत होतास बाई घागर उचलेपर्यंत थांब, मी म्हणत होतो ऊन जाईल. ऊन गेलं, बाईही गेली, फ्रेम वाचली. रोल भरायचं काम मात्र तुझंच. तू फिल्मचं टोक इतकं मोजून अडकवायचास की छत्तीस झाल्यावर आणखी एक निघायची, आणि ती सदतिसावी तुझी, कारण 'भरणाऱ्याची मजुरी'. त्या जादाच्या फ्रेमांमधे तू काय काय काढून ठेवलंयस ते इथे लिहीत नाही, वहिनी पत्र वाचतील.

तर त्या रात्री ठरवलं. महिन्याला छत्तीस. एकच लेन्स, पन्नास. घरापासून पायी जाता येईल तेवढंच. आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप, म्हणजे दाबलं की लगेच बघायची खोड मोडेल. खिशात एक चिठ्ठी, प्रत्येक फोटोला एक रेघ.

काय काढायचं हे मात्र ठरवलं नव्हतं. एक तारखेला साडेसहाला निघालो, सवयीनं पाय मेणवलीच्या रस्त्याला लागले. पण घाटाचे, वसईच्या मोहिमेतून आणलेल्या त्या घंटेचे माझ्याकडे ढिगानं फोटो आहेत, आणि घाटावर आता लग्नाआधीच्या फोटोंसाठी रंगीत धूर सोडणाऱ्या जोड्यांची रांग असते. म्हणून अलीकडेच नदीच्या अंगानं शेतात वळलो. हळदीचा पाला पिवळा पडून झुकलेला, दवानं ओला, चालताना पोटरीला घासला की हळदीचा कच्चा वास यायचा. कृष्णेवरून धुकं उठून रानात पसरलं होतं, आणि त्यात बांधावर एक काटेसावर उभी.

मी हिला निदान वीस वर्षं ओळखतो, म्हणजे तिच्याखालून स्कूटर नेतोय. बघितली त्या दिवशी. सावरीच्या फांद्या कशा असतात सांगू? खोडातून एकाच उंचीवर चहूबाजूंना आडव्या निघतात, मग थोडं वर आणखी एक वेढा, मग आणखी एक, मजले चढवल्यासारख्या. पानं जवळजवळ झडली होती, त्यामुळे सगळा सांगाडा उघडा. धुक्यात खालचे दोन मजले दिसत होते, वरचे नव्हतेच. फांद्यांच्या टोकांना बोराएवढ्या काळपट हिरव्या कळ्या. पन्नासची लेन्स असल्यानं त्या कळ्या जवळ ओढून आणायची सोयच नव्हती. पुढे गेलो, पाय ओले झाले, मागे आलो, बांधावर चढलो, उकिडवा बसलो. पहिला फोटो काढायला चाळीस मिनिटं लागली. धुक्यात कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसवतं हे विसरलो नव्हतो, पांढरं दिसलं की ते त्याला राखाडी करून टाकतं, म्हणून एक स्टॉप जास्त दिला, म्हणजे दुप्पट उजेड. चिठ्ठीवर एक रेघ मारली. हात गारठले होते आणि मला उगाचच हसू येत होतं.

तेव्हापासून रोज जातोय. आणखी एक गंमत कळली, तुझ्यासारख्या झोपाळूला उपयोगी पडेल. २२ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस, म्हणून मला वाटायचं त्यानंतर सूर्य लवकर उगवायला लागतो. तसं नाही. आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज थोडा थोडा पुढेच सरकत जातो, संक्रांतीच्या सुमारास सगळ्यात उशीर, सात वाजून गेल्यावर. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनं. म्हणजे वर्षभरात पहाटेचा उजेड पकडायला सगळ्यात कमी लवकर उठावं लागतं ते नेमकं आत्ता. आणि सूर्य दुपारीही डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कलूनच जातो, त्यामुळे सावल्या लांब, खोडावरचा प्रत्येक काटा स्वतंत्र दिसतो.

पाचव्या दिवशी हळदीच्या रानातून एक आजी आली. कमरेला विळा, मागे चार करडं.

"काय मोजताय वो रोज? रस्ता चाललाय का हितनं?"

मी म्हटलं, फोटो काढतोय, झाडाचा.

तिनं झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "त्ये वाळल्यालं न्हाय बरं. फुलंल आता."

म्हटलं, माहीत आहे, त्याचीच वाट बघतोय.

"मग फुलं पडल्याली बघायची आसतील तर करडं सुटायच्या आत या. एक फूल ठिवत न्हाईत ही."

बंड्या, इतका नेमका सल्ला मला आजवर कुणी दिला नव्हता. सावरीचं फूल पाकळ्या गाळत बसत नाही, अख्खंच्या अख्खं धप्पकन पडतं. जमिनीवर लाल फुलांचा सडा मी इतरांच्या फोटोंत बघितला होता, आणि आमच्या बांधावर तो का दिसत नाही असं मला वाटायचं. चार करडं, म्हणून.

परवा पहिलं फूल उमललं, अगदी वरच्या मजल्यावर. तासाभरात तिथे पक्षी हजर, दोन कोतवाल, एक शिंजीर आणि साळुंक्यांची भांडणं. अजून भोरड्या यायच्या आहेत. मध्य आशियातून आपल्या ज्वारीवर उतरणारी ती टोळी सावरीच्या मधावरही तुटून पडते, आणि उन्हाळा लागला की परत जाते. पन्नासच्या लेन्समधे यातला कुठलाही पक्षी म्हणजे वाटाण्याएवढा ठिपका. पहिल्यांदा हळहळलो. मग लक्षात आलं की मोठी लेन्स असती तर मी तो ठिपकाच नेला असता आणि झाड सोडून आलो असतो.

पुढचं मनात असं आहे. एप्रिलमधे बोंडं फुटून कापूस उडेल, तो उलट्या उन्हात धरायचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस, तेव्हा खोडाची सावली खोडातच मिटलेली असेल. पावसाळ्यात हिरवी झाली की ती इतर झाडांत हरवते, तेव्हा काय करायचं ते सुचलेलं नाही. बहुधा त्या चार महिन्यांत खरी फजिती होईल. आणि हो, तेव्हा कॅमेरा पापडांच्या डब्यात.

आता तुझ्याकडे येतो. 'इथे ठाण्यात काय काढणार, सगळी सिमेंटची जंगलं' हे तुझं पालुपद नको. प्रागमधे योसेफ सुदेक नावाचा फोटोग्राफर होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत राहिला, काचेवरची वाफ, थेंब, पलीकडे अंगणातलं एक वाकडं झाड. वर्षानुवर्षं. एका हातानं, तो अवजड कॅमेरा सांभाळत. तुला दोन हात आहेत आणि चौदाव्या मजल्यावरून खाडी दिसते.

फ्लेमिंगोंच्या मागे धावू नकोस, अभयारण्य तुझ्या खिडकीखाली असलं तरी. खाडीच बघ. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे तू रोज सकाळी सातला चहाचा कप घेऊन उभा राहिलास तरी एक दिवस तिवरांच्या गळ्यापर्यंत पाणी, आठवड्यानं त्याच वेळी नुसता चकाकणारा चिखल. तुला जागचं हलावंही लागणार नाही. पन्नासची लेन्स तुझ्याकडेही आहे, तुझ्या माळ्यावरच्या निळ्या पिशवीत, मी बघितली आहे. आधी टॉर्चसमोर धरून बघ मात्र.

छत्तीस काढ, त्यातला एक छापून मला टपालानं पाठव. मोबाइलवर पाठवलास तर उघडणार नाही. आणि मागे फ्रेमेचा नंबर घाल.

आता त्या आकड्याचं. महिन्याच्या छत्तीस फ्रेमा माझ्या नऊ तारखेलाच संपल्या. हसू नकोस, दहा महिन्यांचा उपास होता. काल कॅमेरा नुसता गळ्यात अडकवून गेलो, बघायला म्हणून. आजीच्या सल्ल्याप्रमाणे लवकर पोहोचलो होतो. धुकं विरत होतं, आणि माझ्यासमोर ते पहिलं फूल धप्पकन हळदीच्या पाल्यावर पडलं. मी वाकलो. तेवढ्यात पायांमधून एक करडू घुसलं आणि त्यानं फूल तोंडात धरून माझ्याकडे बघितलं, लाल पाकळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर. बोट दाबलंच गेलं. थोडा हललाय, क्षितिज वाकडं आहे, कान कापला गेलाय. संध्याकाळीच स्टुडिओत जाऊन छापून आणला.

चिठ्ठीवर रेघ मारलेली नाही. ती तुझ्या खात्यात धर.

वहिनींना नमस्कार. तिळगूळ वेगळ्या पुडीत आहे, फोटोला तूप लागू देऊ नकोस.

तुझा,
बापू