मे महिन्यात गावलेला मोठा जिताडा परत सोडा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात आमच्या धरमतर खाडीत रात्री गरीला लागलेल्या जिताड्याचा फोटो आला होता. दोन पोरांनी दोन बाजूंनी उचललाय तरी शेपूट खाली लोंबतंय, आणि खाली लिहिलंय वजन बारा किलो. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी धडाधड अंगठे टाकले, मी पण टाकला असता, पण मला त्या माशाचं पोट दिसलं. चांगलं टम्म फुगलेलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, मी गरवण्याच्या, म्हणजे गरीने मासे धरण्याच्या, विरोधात अजिबात नाही. पंचवीस वर्षं झाली मी स्वतः गरवतोय, आधी बांबूची काठी आणि तंगूस (नायलॉनचा दोरा), आता रॉड रील सगळं. एप्रिल मे सुरू झाला की शनिवारी रात्री मी घरी सापडत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. आणि उन्हाळ्यात जिताडा रात्रीचाच, दिवसा उगाच उन्हात भाजून घ्यायचं. खाडीचं उथळ पाणी दुपारी इतकं तापतं की पाय घातला तर कोमट लागतं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, मग मासा खोल डोहात नाहीतर पुलाच्या खांबाच्या सावलीत गप पडून राहतो, तोंडासमोर कोळंबी नाचवली तरी बघत नाही. रात्री दहा अकरानंतर वारा जरा फिरला, काठाचं पाणी निवलं की बोईटं आणि कोळंबी कडेला येतात आणि त्यांच्या मागे हा येतो. अंधारात ह्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं. बॅटरी मारली तर डोळा विस्तवासारखा लाल चमकतो. आणि कोळंबी ओढताना जो आवाज करतो ना, पाण्यावर कुणीतरी उलटी परात आपटल्यासारखा, तो एकदा ऐकला की माणूस घरी झोपू शकत नाही.

नवीन पोरं विचारतात कुठली रात्र चांगली. आमचे बाबा सांगायचे तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, अमावस्या पुनवेला बाराच्या आसपास, खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा. अॅप वगैरे काही लागत नाही, कॅलेंडरवर तिथी बघायची. म्हणजे उधाणाच्या रात्री बारा एकला पाणी फिरतं आणि ओहोटीचे पहिले दोन तास खारबांधाच्या उघाडीवर, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दारावर, बसायचं, आतलं पाणी बाहेर पडताना बारीक मासळी त्याच्याबरोबर वाहत येते आणि जिताडा तोंडावर उभा असतो. धारेत नाही हां, धारेच्या कडेला, जिथे पाणी वळसा घेतं तिथे. जेटीवर दिवा असेल तर उजेडात नाही, उजेड संपतो त्या रेषेवर. हे सगळं मी मोकळेपणानं सांगतोय कारण लपवून काय करायचं, गरवायला या, भरपूर या.

पण मे महिन्यातली गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला फार उशिरा कळली.

काही वर्षांपूर्वी मे मधलीच अमावस्या होती, उघाडीवर मी आणि माझा मेहुणा. दीडच्या सुमाराला जिवंत बोईटावर लागला. पंधरा वीस मिनिटं चालली मारामारी, दोनदा पाण्याबाहेर उडून डोकं झटकलं, मेहुणा बोंबलतोय "दादा ढील दे ढील दे". काढला तेव्हा नऊ किलोच्या वर होता. रात्रीच घरी आणला, सगळ्यांना उठवलं, फोटो काढले. सकाळी आईने विळीवर घेतला, पोट फाडलं आणि थांबली. आत गाभोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, दोन लांब पिशव्या, माझ्या मनगटाएवढ्या जाड, पिवळ्याजर्द. आई कोळंबीपासून घोळीपर्यंत सगळं साफ करणारी बाई, पण त्या दिवशी एवढंच म्हणाली, "अरे ही पंधरा दिवसांत अंडी सोडणार होती." गाभोळी तळली, सगळ्यांनी खाल्ली, मला घास गेला नाही.

मग मी वाचायला लागलो, कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारायला लागलो. जिताडा जन्माला येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणूनच वावरतो आणि मोठा झाला की त्याची मादी होते. म्हणजे दीड दोन किलोचे ते बहुतेक नर, आणि पाच सहा किलोच्या पुढचा जो आपण छाती फुगवून फोटोत धरतो ती बहुतेक वेळा मादीच. पावसाच्या तोंडावर ती खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात जाते आणि तिथे लाखो अंडी टाकते, मग पावसात ती बारीक पिल्लं उधाणाबरोबर खाडीत, नाल्यात, पार भाताच्या खाचरात येतात. आमच्या खारेपाटात घरासमोरच्या तळ्यांत जे जिताडे वाढवले जातात त्यांची पिल्लं आमचे आजे पणजे अशीच पावसात धरून आणायचे. एक मोठी मादी मारली म्हणजे एक मासा कमी झाला असं नाही, तेवढी मोठी व्हायला तिला कित्येक वर्षं लागलेली असतात आणि प्रत्येक जाळ्यातून, प्रत्येक गरीतून ती वाचलेली असते.

कुणी म्हणेल आता हॅचरीचं बीज मिळतं. मिळतं, चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली जिताड्याचं प्रजनन टाकीत करून दाखवलं, मोठंच काम केलं त्यांनी. पण ते बीज तळ्यात पडतं, खाडी काही त्याने भरत नाही. ऑस्ट्रेलियात ह्याच माशाला बारामुंडी म्हणतात आणि तिथले लोक ह्याच्यासाठी आपल्यापेक्षा वेडे आहेत. तरी क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा परत सोडावा लागतो, वर अंडी घालायच्या दिवसांत बंदी वेगळी. लहान सोडा हे आपल्याला पटतं, मोठा पण सोडायचा हे ऐकलं की आपण हसतो.

मी पोटासाठी मासे धरणाऱ्या कोळी आगरी बांधवांना काहीच सांगत नाहीये, त्यांचं घर त्याच्यावर चालतं. मी सांगतोय आपल्यासारख्यांना, जे पनवेल, ठाणे, मुंबईवरून हेडलॅम्प लावून गाड्या घेऊन येतात आणि ज्यांच्या घरी सोमवारी फ्रीज भरलेलाच असतो. एक दोन किलोचा न्या ना, खायला चवीला तोच छान लागतो, मोठ्याचं मांस चरबट. पाच किलोच्या वरचा मे मध्ये तरी सोडा.

आणि सोडायचा तर नीट सोडा, कारण उन्हाळ्यात मासा आधीच धापा टाकत असतो. बारीक लाईन लावून अर्धा तास खेळवत बसू नका, जाड लीडर (गरीजवळचा मजबूत दोरा) लावा आणि लवकर आणा. सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) वापरा, तो जबड्याच्या कडेला लागतो, पोटात जात नाही. वर घेताना बांधाच्या दगडावर घसटवू नका, हात ओले करा. जबडा अंगठ्याने धरा, पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो पण कापत नाही, कापतं ते कल्ल्यावरचं झाकण, त्याची धार वस्तऱ्यासारखी आहे, माझ्या तर्जनीवर अजून खूण आहे. दुसरा हात पोटाखाली द्या, जबड्याला उभा टांगू नका, मोठ्या माशाच्या मणक्याला आणि पोटातल्या अंड्यांना ते सोसत नाही. फोटो एकच, तो पण पाण्याशेजारी. मग वाहत्या पाण्याकडे तोंड करून धरून ठेवा, घाई करू नका, ताकद आली की शेपटीचा असा फटका मारते की तुमचं तोंड भिजतं आणि हातातून निसटते.

गेल्या वर्षी मे मध्ये मी अशी एक सोडली, मेहुण्याने अंदाज केला आठ किलोचा. बॅटरीच्या उजेडात ती क्षणभर काठालाच थांबली, डोळा लाल चमकला आणि मग गढूळ पाण्यात गेली. घरी रिकाम्या हाताने गेलो तर आईने काही विचारलं नाही, फक्त चहा ठेवला.

साहेब, तुम्हाला एकच विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी असा फोटो पाठवला तर वजनाबरोबर हे पण विचारा की मासा सोडला का, आणि सोडला असेल तर तो फोटो थोडा मोठा छापा. आमच्या ग्रुपवरची पोरं तुमच्या पेपरात नाव यावं म्हणून काहीही करतील.

आपला नियमित वाचक,
एक गरवणारा, खारेपाट, जि. रायगड