गोळी लिहून दिली, तपासणीचं कोण सांगणार?

संपादक महोदय,

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचे हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला, नाडी धरली की कधी धावतेय कधी अडखळतेय. डॉक्टरांनी अमियोडॅरोन दिली आणि ठोके खरंच ताळ्यावर आले, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण सहा महिन्यांत हे दिवसभर पेंगायला लागले, भर मे महिन्यात अंगात स्वेटर, आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, आणि आम्ही आपलं वय झालं वय झालं म्हणत बसलो. शेवटी थायरॉइड तपासलं तर रक्तातलं टीएसएच पार वर, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं! तेव्हा कळलं की 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं, शरीराला दिवसाला लागतं 150 मायक्रोग्रॅम, आणि इतक्या जादा आयोडीनने थायरॉइड मंदावू शकतं. उन्हात हात भाजल्यासारखे लाल व्हायचे तेही ह्या गोळीमुळेच.

घाबरून ह्यांनी मला न सांगता चार दिवस गोळी बंद केली, मी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तेव्हा समजलं, जीव नुसता गोळा झाला माझा. मनाने बंद करणं धोक्याचं आणि हे औषध अंगातून जायला महिने लागतात, म्हणजे त्रासही लगेच थांबत नाही. आता थायरॉइडची कमतरता भरून काढणारी थायरॉक्सिनची गोळी जोडीला आहे, बरे आहेत.

थायरॉइड, लिव्हर दर सहा महिन्यांनी तपासा, कोरडा खोकला किंवा दम लागला तर लगेच या, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, बघा, एवढं मराठीत चिठ्ठीवर छापून द्यायला काय हरकत आहे हो?

– एक वाचक, सातारा