डब्याला चिंच लावू नको

दारव्हा,
तुळशीच्या लग्नानंतर

विन्या गड्या,

आजीच्या माळ्यावरून निघालेल्या पत्र्याच्या सात जुन्या डब्यांचा फोटो पाहिला. खाली तू लिहिलंस, 'चिंचेनं घासू की पितांबरीनं?' तेव्हाच फोन लावणार होतो. पण फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं आपल्या मनानं करतोस, म्हणून कागद घेतला.

आमच्या कोठीखोलीतला डालड्याचा डबा आठवतो? पिवळा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. माय त्यात जवस ठेवायची. पऱ्हाट्यांचा धूर आणि फोडणीची वाफ खाऊन त्याच्यावर इतका मेंचट थर चढला होता की झाड दिसतच नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात मला उत्साह आला. पितळेच्या गुंडासारखा त्याला राख-चिंच लावली आणि नारळाच्या शेंडीनं घासत बसलो. आधी काळं पाणी निघालं, बरं वाटलं. मग पिवळं निघू लागलं, तरी माझा हात थांबेना. माय दारातून म्हणे, "काऊन बे, भांडं हाय का थे?" आता झाडाचा शेंडा तेवढा शिल्लक आहे, खोड धुऊन गेलं.

नंतर कळलं ते असं. हा पत्रा म्हणजे पोलाद, त्यावर कथलाचा पातळ थर. कल्हईवाला लावायचा तेच कथील. चित्र आधी सपाट पत्र्यावर छापतात, भट्टीत वाळवतात, वर वार्निश देतात आणि मग डबा वळतात. तेव्हा छापायचं चित्र सपाट दगडावर काढत. त्या दगडावरून थेट कडक पत्र्यावर ते नीट उठत नसे, म्हणून लंडनच्या रॉबर्ट बार्कलेनं मध्ये एक रूळ घालून छापायची रीत काढली आणि 1875 मध्ये तिचं पेटंट घेतलं. म्हणजे तुझ्या हातात आहे ते एक छापील चित्र, शाईच्या थराएवढंच जाड. त्याला राख कशी सोसेल? आणखी एक गोम आहे. कोठ्यावरच्या जस्ती पत्र्याला ओरखडा पडला तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. कथलाचं उलटं. ओरखड्यात उघडं पडलेलं लोखंडच आधी गंजतं.

तर आता तू काय करायचं. दाढीच्या जुन्या, कोरड्या ब्रशनं आधी धूळ झाड, कारण धुळीतली रेतीच ओरखडे काढते. मग अर्धा मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. सोडा नाही, पावडर नाही. कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडवून पिळायची आणि डब्याच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, नखाएवढी जागा पुसून पाहायची. कापूस तपकिरी-काळा झाला तर मळ निघतोय. डब्याचा रंग कापसावर आला तर तिथंच थांब, त्या डब्याला फक्त कोरडा ब्रश.

रंग टिकला तर रुपयाएवढा एकेक तुकडा घे. काडी काळी झाली की फेक. तीच फिरवलीस तर मळ पुन्हा पसरतो. साबण ओल्या कापसानं टिपून लगेच धोतराच्या मऊ चिंधीनं कोरडं कर. डबा पाण्यात बुडवू मात्र नको. सांध्यात आणि काठाच्या वळणात पाणी शिरलं की पावसाळ्याआधीच आतून गंज फुटतो. शेवटी पंख्याखाली उलटा ठेव. आपल्याकडचं ऊन रंग खातं, अंगणात नको.

ओशट थर हटेना तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन लाव, दहा मिनिटं थांब, मग पुन्हा तेच साबणपाणी. तेलानं तेल सुटतं. याचीही आधी कोपऱ्यात परीक्षा. थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, सॅनिटायझर यांनी वार्निशच विरघळतं, त्यांचा विचारही नको. गंज बुडाला किंवा आत, बिनछापील जागी असेल तर तेल लावून 0000 नंबरच्या स्टील वूलनं, म्हणजे पोलादाच्या अगदी बारीक तारांच्या बोळ्यानं, हलकेच घास. चित्रावरचा गंज राहू दे. जुने डबे जमवणाऱ्या नागपूरच्या एका शौकीन माणसानं मला सांगितलं, की तो गंजाचा ठिपका असलेला डबा घेतो, पण घासून चकचकीत केलेला हातात धरत नाही. माझा डबा पाहून त्यानं चहा घेतला आणि निघून गेला.

कागदी लेबलवाल्या चहाच्या डब्याला पाणी अजिबात लावू नको. सगळं करताना हातमोजे घाल. माळ्यावर उंदीर असतात, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. पोट्ट्यांना जवळ येऊ देऊ नको.

फोटोत उजवीकडे कवटीचं चित्र असलेला फवारणीचा डबा आहे ना, तो या पंगतीत नाहीच. त्याला धुऊ नको, भंगारवाल्याला देऊ नको, विहिरीकडे तर नेऊच नको. बाजूला झाकून ठेव आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकाला, विचार.

आणि तो तार बांधलेला, पोचे पडलेला डालडा? त्याला मी ओळखलं. शाळेत असताना सकाळी तोच घेऊन आपण रेल्वेच्या रुळापलीकडे जायचो. तू त्याला 'दुर्मिळ' म्हणतोस, म्हण बापा. साबणपाणी जरा जास्त घे.

पुढच्या रविवारी मी कापसाच्या काड्या आणि मशीनचं तेल घेऊन येतो. तोवर एकच डबा कर, चहाचा नको, बिस्किटांचा. जेवायला झुणका-भाकर असू दे, वहिनीला सांग तिखट बेतानं.

तुझा,
बंड्या