अध्यक्षांचं वर्ष आणि वॉकरचं बूच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की आपल्या अंकात सेवाभावी क्लबांच्या पदग्रहण समारंभांचे फोटो यायला लागतात. गळ्यात कॉलर, हातात पुष्पगुच्छ, मागे भलामोठा फलक. मी स्वतः नऊ वर्षं अशाच एका क्लबात आहे. त्यातल्या दोन फोटोंत मागच्या रांगेत अर्धी झाकलेली उभीही आहे. त्यामुळे नाकं मुरडायला हे पत्र लिहीत नाही. पण त्या फोटोनंतरच्या बारा महिन्यांविषयी मला थोडं बोलायचं आहे.

माझी नोकरीची सगळी वर्षं ग्रंथालयात, पुस्तकांच्या देवघेवीवर गेली. निवृत्तीनंतर क्लबात आले तेव्हा ‘तुम्हाला नोंदींची सवय आहे’ असं म्हणून रुग्णोपयोगी साहित्याची वही माझ्याकडे दिली गेली. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्च्या, एअर बेड. मंगळवारी आणि शनिवारी दोन-दोन तास मी बसते. अनामत घ्यायची, वस्तू द्यायची, परत आली की तपासून अनामत परत करायची. पुस्तक उशिरा आलं की आम्ही दंड लावायचो. इथे तसं नाही. वॉकर लवकर परत आला की मला आनंद होतो. एअर बेड लवकर परत आला तर मी काही विचारत नाही, सही घेते आणि पाणी पुढे करते.

हे काम नुसतं कपाट उघडण्याचं नाही, हे मलाही उशिराच कळलं. माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडतो तेव्हा वॉकरची मूठ त्याच्या मनगटाच्या घडीशी यावी लागते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, तर दुसऱ्या हातात धरायची असते. नेणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे उलटंच वाटतं, आणि मलाही वाटत होतं. एअर बेडचे कप्पे आलटून पालटून फुगतात, म्हणून त्याचा पंप रात्रीही चालू ठेवावा लागतो. आवाज होतो म्हणून घरचे तो झोपताना बंद करतात आणि मग पाठीला जखमा होतात. हे समजावून सांगायला प्रत्येक माणसामागे पंधरा मिनिटं लागतात. माझे दोन तास तिथेच जातात.

आता मुद्द्याचं. दरवर्षी कुणी ना कुणी क्लबला नवी व्हीलचेअर देतं. तिच्या पाठीवर नाव रंगवायला जागा चांगली असते. वॉकरच्या पायाला लागणारं रबरी बूच मात्र कुणीच देत नाही, कारण त्यावर नाव मावत नाही. तीन वर्षांपूर्वी मी वहीत ‘बूच झिजले, बदलणे’ अशी नोंद केली आणि बैठकीत सांगितलंही. तेव्हा वर्ष संपत आलं होतं, त्यामुळे उत्तर आलं, ‘आता नव्या टीमला करू दे.’ नव्या टीमचा प्रकल्प वृक्षारोपणाचा होता. मधल्या काळात तोच वॉकर एका आजोबांकडे गेला आणि ते न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, कोपर सोलवटलं. वॉकर माझ्या हातूनच गेला होता, त्यामुळे हा दोष मी क्लबवर ढकलत नाही. पण ती नोंद माझ्याच अक्षरात आहे आणि ती मला अजून दिसते.

दरवर्षी अध्यक्ष बदलतो, यात वाईट काही नाही. खुर्चीला कुणी चिकटून बसत नाही. वाईट हे की प्रत्येक अध्यक्षाला ‘आपला’ प्रकल्प हवा असतो आणि गेल्या वर्षीचा प्रकल्प पोरका होतो. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरी सुरू केली, तेव्हा सभा आळीपाळीने सभासदांच्या कचेऱ्यांत भरत, त्यावरून हे नाव पडलं. त्या क्लबचं लोकोपयोगी पहिलं मोठं काम कोणतं, तर शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून केलेली खटपट. फोटोला काही खास विषय नव्हे! त्याच संस्थेने १९८५ मध्ये पोलिओचं काम हाती घेतलं आणि आजही सोडलेलं नाही. तिथेही जागतिक अध्यक्ष दरवर्षी बदलतो. १९८८ मध्ये सव्वाशे देशांत ठाण मांडून बसलेला मूळ पोलिओ विषाणू आता अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोनच देशांत तसा उरला आहे. सरकारं, आरोग्यसेवक, इतर संस्था सगळेच त्यात होते. पण कुणाही अध्यक्षाने ‘पोलिओ मागच्यांचा, मी दुसरं काही करतो’ असं म्हटलं नाही. आम्हाला बुचाच्या बाबतीत एवढंही जमू नये?

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. पदग्रहणाची बातमी जरूर छापा, पण सोबत दोन ओळी मागा : गेल्या वर्षी जाहीर केलेल्या कामाचं आज काय झालं? लावलेल्या रोपांतली किती जगली? नेत्रशिबिरात चष्मे दिले, ते महिन्याने कुणी बघून आलं का? असा प्रश्न येणार हे माहीत असलं, तर जूनमध्येच क्लबांत थोडी धावपळ होईल. आमच्याही क्लबात होईल, आणि हे पत्र वाचून दोन-तीन जण माझ्याशी बोलायचे थांबतील. चालेल.

सध्या वहीतल्या दुरुस्तीच्या रकान्यात चार वॉकर आणि दोन कमोड खुर्च्या आहेत. बुचांचा एक डबा मी स्वतःच आणून ठेवला आहे, पण माझ्या बोटांत आता जोर राहिलेला नाही. जुनं बूच पान्याने ओढून काढावं लागतं. आपल्या वाचकांना कळावं म्हणून लिहिते : अशा कामाला आमच्याकडे सभासदत्व लागत नाही, शनिवारचे दोन तास पुरतात. इतर क्लबांतही असंच असेल, विचारून पाहावं.

आपली नियमित वाचक,
साहित्याची वही सांभाळणारी एक स्वयंसेविका