शनिवारच्या मॅचवर एवढी चिडू नकोस गं

प्रिय गौरी,

फोन उचलत नाहीयेस, डीपी काळा करून बसलीयेस, म्हणून लिहितोय, निदान वाचशील तरी. आई म्हणे पोरीचं ब्रेकअप झालं वाटतं. मी म्हटलं नाही गं, तिची फुटबॉलची टीम मुंबई सिटी २०२१-२२ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) पहिल्या चारात आली नाही, म्हणून प्लेऑफला गेली नाही. तर म्हणे मग ब्रेकअप परवडला असता.

तू त्या हैदराबादच्या मॅचला धरून बसलीयेस, २-१ ने गेली, ती जिंकलो असतो तर वगैरे. मी काल पॉइंट टेबल घेऊन बसलो. तुझ्या बापाचं आयुष्य सातपूरला स्टॉक टॅली करण्यात गेलंय, आकडे जुळेपर्यंत झोप लागत नाही. तर शनिवारी जिंकलो असतो तरी आपले ३४ पॉइंट झाले असते, आणि चौथ्या आलेल्या केरळा ब्लास्टर्सने रविवारी गोव्याशी ४-४ केली, त्यांचेही ३४च. पॉइंट सारखे झाले की आपापसातल्या मॅचेस बघतात ना, तिथे त्यांनी आपल्याला दोन्ही वेळा धुतलंय, डिसेंबरात ३-०, आणि आत्ता २ मार्चला ३-१. तू म्हणशील गोव्याशी खेळताना ते आधीच क्वालिफाय झाले होते, निवांत खेळले. बरं बाई, असेल. पण गंमत बघ, जिंकलेल्या मॅचेस दोघांच्याही ९. आपण हरलो ७, ते हरले ४.

खरं वाटोळं झालं ते १९ डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. सात मॅच, एकही जिंकली नाही! १ डिसेंबरला मोहन बागानला ५-१ ने हाणलेली टीम हीच का असं वाटावं. बंगलोरकडून ३-०, ओडिशाकडून ४-२, ते एक वेळ सोड. पण ईस्ट बंगाल शेवटून पहिली, नॉर्थईस्ट शेवटून दुसरी, त्यांच्याशी त्या दिवसांत तीन मॅच आणि तिन्ही ड्रॉ. ०-०, ३-३, १-१. त्यातल्या दोन जिंकल्या असत्या तर ३५ पॉइंट झाले असते आणि परवा रात्री तू रडली नसतीस. आपल्या अँगुलोने सीझनमध्ये १० गोल मारूनही हे. तेव्हा तू मला म्हणत होतीस, बाबा, अजून खूप मॅच आहेत. होत्या खऱ्या.

आधीचा कोच लोबेरा गेला म्हणून झालं हे तुझं म्हणणं मला अर्धंच पटतं. नवीन कोच ऑक्टोबरात आला, त्याला वेळ कुठे मिळाला, आणि कोविडमुळे परत सगळे गोव्यात बबलमध्ये कोंडलेले. आणि २०१९-२० ला पण आपण पाचवेच होतो की, आठवतं? पुढच्या वर्षी लीगमध्ये पहिले आलो म्हणून शील्ड पण आणली आणि फायनल पण मारली, आपल्या बिपिनने ९०व्या मिनिटाला गोल टाकला तेव्हा तू एवढी किंचाळलीस की वरच्या काकू पळत खाली आल्या होत्या.

मला हैदराबादचा राग वेगळाच आहे. आपली पहिली टीम पुणे सिटी, बालेवाडीला जायचो, ती २०१९ ला बंद पडली आणि तिच्या जागी लीगमध्ये कोण आलं, तर हैदराबाद. ते आता आपल्याला हरवतायत. नाशिकच्या माणसाने करायचं तरी काय, स्वतःची टीम नाही, शेजारची बुडाली, मुंबईची धरली तर ती पाचवी.

सेमीफायनल बघणार नाही म्हणतेस, नको बघूस. मी बघणार आणि जमशेदपूरच्या बाजूने बसणार, केरळाला तर मरेपर्यंत नाही. एप्रिलमध्ये आपली टीम एशियन चॅम्पियन्स लीगला रियाधला जातेय, गेल्या वर्षीच्या शील्डमुळे, ते तरी बघ. इराकची एअर फोर्स टीम आहे ग्रुपमध्ये, कठीण आहे, पण बघ.

२२ ला रंगपंचमी आहे, यायचं असेल तर आधी सांग. दिंडोरीहून द्राक्षं आलीत, मामाने पाठवलीत, आईने तुझ्यासाठी काढून ठेवलीत पण मी खातोय त्यातली. मेसमध्ये जेवतेस ना नीट? आणि फोन उचल.

बाबा